म्हैसासुर मरेना

माझा बाप दर वैशाखात मरायचा आणि माझा सख्खा मामा त्याला मारायचा. नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी हे वसतिगृहातल्या मुलींना सहज बोलून गेले, तेव्हा एकीनं माझ्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, "पोलिसात दिलं का गं?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हापासून मी ते पहिल्यापासूनच सांगते.

हरसूलच्या बाजारातून पश्चिमेला जीपनं निघालं की डोंगर उतरता उतरता एका जागी तेव्हाचा कच्चा रस्ता संपायचा. जिथं संपायचा तिथं आमचं गाव. गावाच्या खाली नदी आणि नदीपलीकडं आईचं माहेर. दोन्हीकडं माणसं तीच, बोली तीच, नागलीची भाकर तीच. पण राज्यं वेगळी झाली तेव्हा कुणीतरी नकाशावर नदीतून रेघ ओढली आणि आईचं माहेर गुजरातेत गेलं. उन्हाळ्यात त्या नदीत घोटाभर पाणी नसायचं. आमच्या म्हशी चरता चरता परराज्यात जाऊन यायच्या आणि त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

रेघ ओढणाऱ्याला बोहाड्याची कल्पना नसणार. बोहाडा म्हणजे आमचा उन्हाळ्यातला मुखवट्यांचा उत्सव. दोन्ही गावांचा मिळून एकच. गणपती, रावण, भीम, वेताळ अशी सोंगं रात्री नाचायची आणि शेवटच्या दिवशी सकाळी देवी म्हैसासुराला मारायची. तो मेला की उत्सव संपला, आता पावसानं यायला हरकत नाही, अशी ती व्यवस्था. कुठलं सोंग कुणी नाचवायचं हे घराण्यातून चालत आलेलं. देवीचा मुखवटा मामाच्या घरी, म्हैसासुराचा आमच्या घरी. म्हणजे राज्यांची वाटणी झाली तेव्हा देवी गुजरातेत गेली आणि राक्षस महाराष्ट्राच्या वाट्याला आला. त्याबद्दल आमच्या गावात कुणी कधी तक्रार केली नाही. राक्षसाला नाचायला जास्त मिळतं.

उत्सव मात्र आमच्याच काठावर भरायचा. कारण विचारलं तर म्हातारी माणसं सांगायची, की आमच्याकडची जागा सपाट आहे. जागा सपाट होती हे खरंच. पण पलीकडच्या राज्यात दारूबंदी होती आणि आमच्याकडं नव्हती, हेही खरं होतं. नदी ओलांडून आल्यावर तिकडच्या भाविकांची देवीवरची श्रद्धा इतकी वाढायची, की काहींना परत जाताना दोघांनी धरून न्यावं लागायचं.

माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, उंच, काळा आणि मुका वाटावा इतका कमी बोलणारा. भाताची कापणी झाली की तो निफाडकडं द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचा आणि शिमग्याला परत यायचा. मामा आईपेक्षा धाकटा, बुटका, आणि त्याचं तोंड झोपेतसुद्धा चालू असायचं असं आई म्हणायची. असा हा बुटका मामा लुगडं नेसून, हातात बांगड्या भरून, दोन तलवारी नाचवत बाला मारायचा. तलवार खांद्याला लागायची, बा धाडकन पडायचा, बाया आरती ओवाळायच्या आणि मग सगळे जेवायला बसायचे. दाजी-मेहुण्याचं एरवीही गुळपीठ होतं. दर वर्षी मरून झाल्यावर बा मामाच्या पाठीवर थाप मारायचा आणि दोघं मोहाच्या झाडाखाली प्यायला बसायचे.

मग मामाच्या गावात डांबरी रस्ता आला. त्याच्या पाठोपाठ वीज आली. नव्वदीतली शेवटची वर्षं होती ती. आमच्याकडं दोन्हीचा पत्ता नव्हता. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसलं की समोर पलीकडं दिवे लागलेले दिसायचे आणि आमच्या हातात रॉकेलची चिमणी. मामा येता-जाता गंमत करायचा, "दाजी, तुम्ही दिवा नका लावू, आमच्याच उजेडात जेवा." बा हसायचा. निदान हसल्यासारखं करायचा.

त्या वर्षी फाल्गुनात मामाच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं. वीज आली म्हणून मामानं लाउडस्पीकर आणला होता. माइक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची त्याची तयारी नव्हती. पाहुणा आला की मामा त्याचं नाव, गाव आणि आहेर सगळ्या डोंगराला ऐकवत होता. आम्ही नदी ओलांडून मांडवाशी पोचलो तर वरून आवाज आला, "आता महाराष्ट्रातून अंधारात चाचपडत आमचे दाजी आलेले हायेत. त्यांना जरा उजेडात बसवा! डोळे दिपतील, सांभाळून!"

सगळा मांडव हसला. आईसुद्धा पदराआड हसली, मी पाहिलं. बा मात्र आला तसा वळला आणि नदीत उतरून घरी गेला. जेवला नाही. आहेराचं धोतर आईच्या हातात तसंच राहिलं.

घरी आल्यावर आई समजावत होती. "गंमत केली त्यानं. तो असाच आहे, तुम्हाला माहीत नाय का?"

"माइकवर?" बा म्हणाला.

"तोंडानं करतो ती माइकवर केली. त्यात काय?"

"तोंडानं केली असती तर तोंडानं उत्तर दिलं असतं. मला कुठं माइक हाय?"

त्यानंतर दोन महिने बाच्या तोंडून मामाचं नाव निघालं नाही. मामालाही प्रथम वाटलं होतं, जाईल राग. मग त्यालाही राग आला, की मुलाच्या लग्नातून दाजी उपाशी निघून गेले, माझी चारचौघांत शोभा झाली. तोही येईना. आईची मात्र ये-जा चालू होती. माहेरी गेली की भाऊ विचारायचा, "काय म्हणतो तुझा महाराष्ट्र?" आणि घरी आली की बा भाकरीकडं बघत म्हणायचा, "आली का गुजरात फिरून?" ती दोघांनाही वाढायची आणि पुन्हा नदी ओलांडायची.

वैशाख आला. सुट्टी घेऊन मी घरी आले होते. दोन्ही गावांतली जाणती माणसं नदीच्या पात्रात बसून बोहाड्याचं ठरवायची, तशी बसली. गावचा भगत, म्हणजे देवाधर्माचं बघणारा म्हातारा, आमच्या घरी आला आणि ओट्यावर बसून त्यानं बाला सरळ विचारलं, "नाचणार ना?"

"नाचणार. घराण्याचं सोंग हाय. न नाचून कसं चालेल?"

भगताला हायसं वाटलं. तो उठला, तेव्हा बा पुढं म्हणाला, "मरायचं मात्र बघू."

भगत हसला. आम्हीही हसलो. बा कधी विनोद करत नाही हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मैदान भरलं होतं. एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला मामाचं. पलीकडच्या नव्या रस्त्यावरून जीप भरभरून माणसं आली होती. संबळ आणि पिपाणी वाजायला लागली आणि देवी निघाली. हिरवं लुगडं, पाठीमागं कागदी फुलांची बांबूची कमान, दोन्ही हातांत तलवारी. दुसऱ्या बाजूनं शिंगांचा काळा मुखवटा घालून बा आला, हातात सोटा. मुखवटा चढला की बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि म्हैसासुर मेल्याशिवाय मुखवटा उतरवायचा नाही, हा नियम. मामासारख्या माणसाला हा नियम किती जड जात असेल याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

ठरलेले फेरे झाले. संबळाचा ठोका बदलला. देवीनं उडी मारून तलवार म्हैसासुराच्या खांद्याला लावली. बायांनी आरतीची ताटं उचलली.

बा पडला नाही. त्यानं खांदा झटकला आणि पुन्हा नाचायला लागला.

लोकांना वाटलं, तलवार नीट लागली नसेल. देवीनं पुन्हा लावली. या वेळी जरा जोरानं, मेहुण्यानं लावावी तशी. बानं मान हलवली. मोठ्या शिंगांचा तो मुखवटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हलला. सगळ्या मैदानाला कळलं, की म्हैसासुर नाही म्हणतोय.

पहिल्यांदा लोकांना मजा वाटली. शिट्ट्या वाजल्या. देवी मारत राहिली, म्हैसासुर चुकवत राहिला. संबळवाला थकला तेव्हा दुसऱ्यानं संबळ घेतला. ऊन डोंगरावरून खाली उतरून मैदानात आलं. धूळ तापली. पोरं भुकेनं रडायला लागली. पलीकडं जीपवाले हॉर्न वाजवायला लागले. मग भगत हात जोडून मैदानात गेला.

"म्हैसासुरा," तो म्हणाला, "मर रे बाबा. लेकरंबाळं उपाशी हायेत. भाताला वाफ धरून बसल्यात बाया."

म्हैसासुरानं मान हलवली. नाही.

एवढ्यात आमच्या बाजूनं कुणीतरी तरुण पोरगा ओरडला, "महाराष्ट्र!" त्याच्यामागून दहा-बारा जण ओरडले, "महाराष्ट्र! महाराष्ट्र!" पलीकडून लगेच उत्तर आलं, "गुजरात! गुजरात!" बघता बघता क्रिकेटची मॅच असावी तसं झालं. बानं सोटा फिरवला की आमच्याकडं आरोळी, मामानं तलवार उचलली की त्यांच्याकडं. शेजारची एक म्हातारी कपाळाला हात लावून ओरडत होती, "अरे मुडद्यांनो, राक्षसाचा जयजयकार करताय! देवी आपली हाय रे, देवी आपली!" तिचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या ओरडण्यात होते. त्याच नदीत मी लहानपणी पोहायला शिकले, मामाच्याच पाठीवर बसून. पण त्या सकाळी माझा बाप जिंकत होता आणि मला ते फार आवडत होतं.

मग मला मामाची पावलं दिसली. ती सरळ पडत नव्हती. लाकडी मुखवटा, अंगावर लुगडं, पाठीवर ती कमान आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. वर्षभर वॉर्डात काढलेली मी, मला त्याचा घाम थांबून अंग कोरडं पडलेलं लांबूनसुद्धा कळलं. मी भगताजवळ धावले. "त्यांचा मुखवटा काढा, पाणी पाजा. ऊन लागतंय त्यांना."

भगत माझ्याकडं दयेनं बघून म्हणाला, "पोरी, देवीला ऊन लागत नसतं."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत देवी मैदानाच्या मधोमध पाय पसरून खाली बसली. पडली नाही, बसली. एखादी बाई शेतावरून दमून येऊन उंबऱ्यात बसते तशी. एक तलवार हातातून निसटली. संबळ थांबला. ओरडणंही थांबलं. दोन्ही गावांना एकदमच समजलं की देवी हरली आहे, आणि असं झालं तर पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. म्हैसासुर सोटा खाली सोडून उभा होता. त्यालाही माहीत नव्हतं.

तेव्हा आई मैदानात शिरली. सोंग नाचताना बायांनी आत जायचं नसतं. ती आरतीचं ताट हातात घेऊनच गेली. आधी बासमोर उभी राहिली, त्या शिंगांच्या मुखवट्याकडं मान वर करून बघत. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळं गप्प झालेलं असल्यानं सगळ्यांना ऐकू गेला.

"मी इकडची का तिकडची, तेवढं एकदा दोघांनी मिळून ठरवा," ती म्हणाली. "मग मरायचं तर मरा, नाय तर राहा उभे. मी दोन महिने नदी तुडवतेय. पायाला भेगा पडल्यात माझ्या. कुणी विचारलं नाय."

मग ती देवीकडं वळली. "आणि तू ऊठ. माइक नाय म्हणून बसलास का?"

आमच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मामानं उठायचा प्रयत्न केला. जमेना. मी तिच्या मागोमाग गेले होते. आईनं ताट माझ्या हातात दिलं, त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्यानं उरलेली तलवार उचलली, पण ती कमरेच्या वर जाईना. तसाच तो बापुढं उभा राहिला.

मग बानं गुडघा टेकला, म्हणजे तो मामाच्या उंचीचा झाला. त्यानं मामाचं मनगट धरलं, तलवारीचं पातं स्वतःच्या खांद्यावर आणून ठेवलं, आणि पडला. मनगट सोडायचं तो विसरला, त्यामुळं देवीही त्याच्या अंगावर पडली.

बायांनी आरती कशीबशी ओवाळली आणि भगतानं घाईघाईनं मुखवटे उतरवले. मी मीठसाखरेचं पाणी करून आणलं. मामाचं तोंड लालभडक झालं होतं. तो पहिलं बोलला ते बाशी.

"दाजी," तो म्हणाला, "लय चुकलं असंल तर तोंडात मारायची. असं उन्हात मारतात का?"

"तू मारत होतास," बा म्हणाला. "मी तर नुसता मरत नव्हतो."

मामाला हसू आलं आणि पाणी नाकात गेलं. बानं त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्या ठसका जावा म्हणून होत्या, की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. जेवायला दोघं एका ओळीत बसले, पण मधे आई बसली. तिला मधे बसायचं होतं की दोघांनी बसवलं, हेही मी कधी विचारलं नाही. आठवडाभरानं मामा आला, ओट्यावर बसला आणि विजेचा आणि रस्त्याचा विषय सोडून इतर सगळ्या विषयांवर बोलला.

भांडण असं मिटलं. पण गोष्ट मिटली नाही, कारण त्या वर्षी पाऊस फार छान झाला. मृगात वेळेवर आला, भाताला हवा तेव्हा पडला, हवा तेव्हा थांबला. दिवाळीपर्यंत दोन्ही गावांत मत तयार झालं, की म्हैसासुर जितका उशिरा मरेल तितकं पीक चांगलं. भगतानं तर शपथेवर सांगितलं, की जुन्या काळी असंच होतं, मधल्या पिढीनं उगीच आटोपतं घेतलं होतं.

पुढच्या वैशाखात भगत पुन्हा ओट्यावर आला. "लवकर मरू नको," त्यानं बाला बजावलं.

"अरे, मी रागानं केलं ते," बा म्हणाला.

"मग यंदाही राग धर. काय तरी आठव."

आणि बाला नाचावं लागलं. एकदा मेहुण्याचा अपमान करायला तो जे करून बसला होता, तीच आता घराण्याची रीत झाली. मामाची तर आणखी पंचाईत. त्याला बाला न मारता मारत राहावं लागायचं. दोघं बोहाड्याच्या आधी नदीच्या पात्रात जाऊन गुपचूप सराव करायचे, कोण कधी दमल्यासारखं करणार, कुठं सावली येते, हे ठरवायचे. मुखवट्याच्या आत ओला फडका ठेवायची युक्ती मी त्यांना दिली. ती देवाधर्मात बसते की नाही हे आम्ही भगताला विचारलं नाही. पलीकडून येणाऱ्या जीप वाढल्या. पेठ, धरमपूरपासून लोक म्हैसासुराचं न मरणं बघायला यायला लागले आणि बाचं स्वतःचं नाव मागं पडून तो सगळ्यांना नुसता म्हैसासुर झाला. हरसूलच्या बाजारात अनोळखी माणूससुद्धा त्याला विचारायचा, "यंदा किती वेळ?"

दरम्यान आमच्याकडंही रस्ता झाला. नंतर कधीतरी वीज आली. ज्या दिवशी आमच्या घरात बल्ब लागला त्या दिवशी मामा मुद्दाम नदी ओलांडून आला, बल्बखाली बसला, आणि काहीही बोलला नाही. एवढा वेळ गप्प बसलेला मामा मी मुखवट्याशिवाय त्या एकदाच पाहिला. बानंच शेवटी त्याची सुटका केली. "बोल," तो म्हणाला, "नाय तर आजारी पडशील."

बाचे गुडघे मात्र गेले. नाशिकला मी नोकरीला लागले होते. त्याला माझ्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, गुडघ्यांना काही जुना मार?" बानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "नाचतात." डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही. नाच बंद करा, असं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून सोंग माझ्या धाकट्या भावाकडं आलं. तो निफाडला द्राक्षं भरायच्या कोठारात कायमचा कामाला लागला होता. मालकानं एका दिवसाची सुट्टी दिली होती आणि दुपारची बस त्याला गाठायची होती. बाशिवाय नाचायला मामाही तयार नव्हता, म्हणून पलीकडून देवी नाचवायला त्याचा मोठा मुलगा आला, ज्याच्या लग्नात ते सगळं झालं होतं तोच. त्यालाही वापीच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. दोघांनी आधीच ठरवून टाकलं असावं. पहिल्याच तलवारीला म्हैसासुर मेला. संबळवाल्याचे हातही नीट तापले नव्हते.

लोक काही वेळ तसेच उभे राहिले, अजून काही होईल म्हणून. मग कुरकुरत जेवायला गेले. बा आणि मामा मोहाच्या झाडाखाली बसले होते, बाच्या गुडघ्यांना माझ्या हातचा लेप लावलेला. मी त्यांना ताटं घेऊन गेले.

"हे काय मरणं झालं?" मामा म्हणत होता. "आपल्या काळी—"

"जेव," बा म्हणाला. "पोरांची बस चुकली तर दोघांचा पगार कापतील."